धुतलेले उंदीर

बयाबाईंनी पांढऱ्या उंदरांना साबण लावून आंघोळ घातली आणि सुनेच्या संशोधनाचं वाटोळं झालं.

इंद्रायणीच्या कॉलेजात प्रयोगशाळेची रंगरंगोटी निघाली, म्हणून तिनं आठवड्यापुरते उंदीर पेठ गावी घरी आणले होते. पिकावर मारायच्या औषधानं मेंदूचं काय होतं, ते तिला पाहायचं होतं. निम्म्या उंदरांना ती ते औषध थोडंथोडं पाजायची, निम्म्यांना नुसतं पाणी. पिंजरे आत-बाहेर करायचं काम सासरे रखमाजींनी हौसेनं अंगावर घेतलं होतं. ओळखू यावेत म्हणून औषधवाल्यांच्या शेपटीला शाई लावली होती. ती साबणानं गेली.

"आत्या, अहो काय केलंत हे?"

"वास मारत व्हती गं. आन थंडीनं काकडाया लागली, म्हून समदी येकाच पिंजऱ्यात घातली."

इंद्रायणीनं कपाळाला हात लावला. पण उपाय होता. तिनं पुठ्ठ्याचा चक्रव्यूह मांडला, टोकाला शेंगदाणा ठेवला. पाणीवाले उंदीर सरळ दाण्याकडे धावायचे, औषधवाले वाट चुकायचे. तिनं एकेक सोडायला सुरुवात केली.

पहिला भिंतीला धडकला. दुसरा जागच्या जागी गोल फिरत राहिला. तिसरा मधेच बसला तो उठेचना. रखमाजी मांडीवर थाप मारून हसत होते. "आरं, ही तर समदीच येडी निघाली!"

शेवटचाही चुकला, तेव्हा इंद्रायणी रखमाजींकडे वळली. यातले निम्मे कॉलेजात बिनचूक धावले होते.

"मामा, पिंजरे आत कुठं ठेवत होतात?"

"माज्या खोलीत. खाटंखाली."

ती खोलीत गेली. खाटेखाली फवारणीच्या औषधाच्या बाटल्या होत्या, त्यातली एक कलंडलेली, बूच उडालेलं. उशाशी पंप. तिचे डोळे चुरचुरायला लागले.

तिनं बाटल्या बाहेर काढल्या आणि खाट ओसरीवर ओढायला घेतली. रखमाजी भडकले. "उंदरांचं ठीक हाय, मला काय झालंय? लई वरसं तितंच झोपतोय." ते बयाबाईंकडे वळले. "सांग की गं हिला, कुशे!"

इंद्रायणी थबकली. "आत्या, कुशी कोण?"

"ह्यांची थोरली भन. मी ह्या घरात यायच्या आदीच वारली." बयाबाईंनी आवाज खाली आणला आणि खाटेचं दुसरं टोक धरलं. "चूक दावली की लई घाबरत्यात. म्हून मीच ओ देती. वड तिकडनं."