गाडीचं झालं की बोलू

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायचं तर माणसाला दोन पाय पुरतात. गाडीला मात्र चार चाकं असूनही जाता येत नाही, तिला न्यावं लागतं. हा फरक ज्याला कळला त्याला संस्कृती कळली. रानटी अवस्थेत माणूस गाडीत बसून मुलुखभर हिंडत असे. सुसंस्कृत अवस्थेत गाडी दुसऱ्या गाडीवर बसते आणि माणूस तिची वाट पाहतो.

साहेब सुसंस्कृत होते. बावीस वर्षं एकाच शाखेत उपव्यवस्थापक राहिल्यावर त्यांना बढती मिळाली, आणि एका बुटाबरोबर दुसरा यावा तशी बढतीबरोबर बदलीही आली, तीही तीन राज्यं ओलांडून. नव्या शाखेत त्यांना काचेची खोली, टेबलावरची घंटी आणि छपराखाली गाडी लावायची राखीव जागा मिळणार होती. खोलीचं आणि घंटीचं त्यांना विशेष काही नव्हतं. जागेवर मात्र जीव जडला होता. भिंतीवर पाटी होती म्हणे: 'फक्त व्यवस्थापक'. अकरा वर्षं त्यांनी आपली गाडी भर उन्हात, कबुतरांच्या कृपेखाली लावली होती. आता कुठे तिचे दिवस पालटणार होते.

पण जिथे सुख तिथे नियम. नव्या व्यवस्थापकाचं वाहन पहिल्या शनिवारी दुपारी एकच्या आत त्या जागेवर उभं राहिलं नाही, तर जागा सेवाज्येष्ठतेने पुढच्या माणसाकडे, म्हणजे हेड कॅशिअरकडे जाणार होती. हेड कॅशिअरकडे स्कूटर होती. (आधीच्या तिन्ही व्यवस्थापकांकडे गाडी नव्हती, त्यामुळे स्कूटर बरीच वर्षं सावलीत होती आणि तिची तब्येत उत्तम होती.)

गाडी स्वतः चालवत का नेली नाही, असं एखादा अडाणी माणूस विचारेल. मेहुण्याने विचारलं. साहेबांनी त्याला शांतपणे समजावलं की चालवल्याने गाडी झिजते. टायर झिजतात, इंजिन झिजतं, काचेवर किडे आपटतात, आणि किलोमीटरचा आकडा एकदा वाढला की ब्रह्मदेव आला तरी कमी होत नाही. साहेबांची गाडी अकरा वर्षांची होती, पण आकडा बघाल तर कालच दुकानातून आणली असं वाटावं. तिचा रंग पांढरा म्हटलेला त्यांना खपत नसे. कंपनीच्या पुस्तकात त्या रंगाचं नाव 'मोतिया' होतं, आणि घरातल्या सगळ्यांनी मोतियाच म्हणायचं असा दंडक होता. (आई पांढराच म्हणे. तिच्या बाबतीत साहेबांनी नाद सोडला होता.)

शेवटी गाड्या पोहोचवणारी एक कंपनी ठरली. कंपनीच्या दुमजली ट्रेलरवर एका वेळी सात गाड्या बसत. कंपनीने केलेल्या पाहणीनुसार शंभरातल्या अठ्ठ्याण्णव गाड्या सुखरूप पोहोचतात. उरलेल्या दोनही पोहोचतात, पण कुठे, हे पाहणीत आलेलं नाही. कंपनीच्या अटी अत्यंत विचारपूर्वक लिहिलेल्या होत्या. गाडीत पाव टाकीपेक्षा जास्त पेट्रोल नसावं. गाडीत सामान, खाद्यपदार्थ, जनावर किंवा नातेवाईक नसावेत. (शेवटचा शब्द कोणत्या अनुभवावरून आला हे कंपनीने सांगितलं नाही.) चालकाचा फोन नंबर ग्राहकाला मिळणार नाही, कारण चालकाला खासगी आयुष्य असतं. आणि गाडी न्यायला ट्रेलर 'सोमवार ते बुधवार यांच्या दरम्यान' येईल, त्या काळात घरी कुणीतरी जबाबदार व्यक्ती हजर असावी.

साहेबांना सोमवारी रुजू व्हायचं होतं. तेव्हा साहेब आणि बाईसाहेब रविवारी विमानाने पुढे जातील आणि जबाबदार व्यक्ती म्हणून आई मागे थांबेल, असं ठरलं. आईचं वय अठ्ठ्याहत्तर होतं, गुडघे कुरकुरत होते, पण जबाबदारीला गुडघे लागत नाहीत.

निघण्यापूर्वी साहेबांनी आईला गाडीभोवती फिरवून सगळं समजावलं. किल्ली कशी द्यायची, आरसे कसे मिटायचे, एरियल कसा काढायचा, मागच्या डाव्या दारावर तांदळाएवढा जुना ओरखडा आहे तो कंपनीच्या माणसाकडून कसा लिहून घ्यायचा, आणि माणूस उद्धट निघाला तर त्याच्याशी कसं बोलायचं. आईने सगळं ऐकून घेतलं. "बरं," ती म्हणाली. "आणि मी?"

"तू काय, गाडी गेली की घरमालकाला किल्ली दे आणि ये." (आईचं रेल्वेचं तिकीट काढलेलं होतं. प्रतीक्षा यादीत होतं.)

मंगळवारी दुपारी साहेबांच्या फोनवर कंपनीकडून बेचाळीस छायाचित्रं आली. गाडी समोरून, मागून, खालून, अशा सर्व बाजूंनी. एकात ओरखड्यावर कुणाचं तरी सुरकुतलेलं बोट टेकलेलं होतं. साहेबांनी बेचाळीसही चित्रं दोनदा पाहिली, बाईसाहेबांना दाखवली, मेहुण्याला पाठवली. आईचा फोन आला तेव्हा ते तिसऱ्यांदा पाहत होते.

"अरे, गाडी दिली बरं का. आणि माझं असं झालंय की..."

"आलेत फोटो, आलेत. छान काम केलंस. आई, मी ते ॲप उघडतोय, गाडीचं झालं की बोलू."

ॲप हा मानवी चिंतेच्या इतिहासातला मैलाचा दगड मानला पाहिजे. पूर्वी गाडी कुठे आहे हे माहीत नसल्यामुळे माणूस दिवसातून एकदाच काळजी करी. आता नकाशावर एक निळा ठिपका दिसतो आणि काळजी दर मिनिटाला करता येते. साहेबांचा ठिपका मंगळवारी संध्याकाळी कंपनीच्या आवारात होता. बुधवारी सकाळी तिथेच होता. बुधवारी रात्रीही त्याने जागा सोडलेली नव्हती.

साहेबांनी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. 'आपली गाडी आमच्यासाठी मोलाची आहे' असं एक बाई गोड आवाजात म्हणाल्या आणि मग बासरी सुरू झाली. साहेब बासरी ऐकत बसले. मध्येच आईचा फोन आला, तो त्यांनी मोठ्या नाखुशीने घेतला.

"अरे ऐक, मी इकडे..."

"आई, मी होल्डवर आहे! गाडीचा पत्ता नाही."

"अरे, गाडीचंच सांगतेय मी, ती..."

"तुला त्यातलं कळत नाही गं. आणि तो टीव्ही किती मोठ्याने लावलायस! नुसते हॉर्न ऐकू येताहेत. बंद कर तो. गाडीचं झालं की बोलू."

गुरुवारपर्यंत घराचं युद्धकालीन कचेरीत रूपांतर झालं होतं. न उघडलेल्या खोक्यांवर बसून बाईसाहेब दुसऱ्या फोनवरून बासरी ऐकत होत्या. मेहुण्याने 'मोतिया शोध' नावाचा गट काढला. त्यात पंचवीस नातेवाईक होते आणि त्यातले दोघे एकमेकांशी सहा वर्षांनी बोलले, हे त्या गाडीचं थोर सामाजिक कार्य. कुणाच्या तरी चुलतभावाची गाडी अशीच गेली ती दोन महिन्यांनी निळी होऊन सापडली, हेही तिथेच कळलं. साहेबांची झोप उडाली. शाखेत ते सह्या करता करता खिडकीतून छपराखाली पाहत, तर तिथे ती स्कूटर मजेत उभी असे. हेड कॅशिअर रोज सकाळी अदबीने विचारी, "आली का साहेब गाडी?" आणि उत्तराची वाट न पाहता स्कूटरवर फडकं मारी.

(आईचे या काळात सात फोन आले. एकदा ती म्हणाली की इथे फार छान वारा आहे. एकदा म्हणाली की गारा पडल्या. साहेबांनी दोन्ही वेळा गाडीचं झालं की बोलू असं सांगितलं. फोन येत होते, म्हणजे ती मजेत होती, हे उघड होतं.)

शुक्रवारी बासरी थांबली आणि एका खऱ्या माणसाने तपास करून सांगितलं की ठिपका दाखवणारं यंत्र गाडीत बसवायचं राहून गेलं आहे आणि ते कचेरीच्या खणात सुरक्षित आहे. "यंत्राची काळजी करू नका," तो म्हणाला. गाडीबद्दल विचारताच परत बासरी लागली.

शनिवारी बाराला दहा मिनिटं कमी असताना शाखेबाहेरच्या रस्त्यावर भोंगा वाजला. साहेब खुर्ची मागे लोटून धावले. फाटकासमोर दुमजली ट्रेलर उभा होता, आणि वरच्या मजल्यावर, सगळ्यात पुढे, त्यांची गाडी होती. त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. पण दुसऱ्याच क्षणी कपाळावर आठी पडली, कारण गाडीच्या टपावर आणि बॉनेटवर दोन गोधड्या सुतळीने करकचून बांधलेल्या होत्या.

"हे काय? परवानगीशिवाय गाडीवर आच्छादन घालायचं नाही, अशी अट आहे तुमचीच!"

"गारा लागल्या साहेब वाटेत," ड्रायव्हर खाली उतरत म्हणाला. "बाकीच्या सहाही गाड्यांना पोचे आलेत बघा. तुमचीच तेवढी वाचली."

"कुणी घातल्या या?"

"ज्यांच्या होत्या त्यांनी. साहेब, ते आधी केबिनमधलं..."

"आधी गाडी. गाडीचं झालं की बोलू."

गाडी उतरली. साहेबांनी गोधड्या सोडून फाटकावर टाकल्या. त्यातल्या एकीचा जांभळा काठ कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला, पण ती वेळ काठ पाहण्याची नव्हती. त्यांनी खिशातून बॅटरी आणि भिंग काढलं. (भिंग मेहुण्याचं. तो पोस्टाची तिकिटं जमवी.) पुढचा बंपर, दिवे, चारही दारं, टप, चाकांच्या वाट्या. ते गुडघ्यावर बसले, मग पालथे झाले. शाखेतला सगळा कर्मचारीवर्ग पायऱ्यांवर उभा राहून आपल्या नव्या व्यवस्थापकाचे तळवे पाहत होता. हेड कॅशिअर स्कूटरला टेकून घड्याळ पाहत होता. ड्रायव्हरने मध्ये दोनदा तोंड उघडलं, साहेबांनी गाडीखालूनच हात बाहेर काढून त्याला थांबवलं.

शेवटी एकला सात मिनिटं कमी असताना साहेब उठले. मागच्या डाव्या दारावरचा तांदूळ सोडला तर गाडीला नख लागलेलं नव्हतं. जिवात जीव आला. त्यांनी सही ठोकली, किल्ली हातात घेतली, छपराखालच्या पाटीकडे पाहिलं आणि मोठ्या मनाने ड्रायव्हरकडे वळले. "हं. बोला आता. काय म्हणत होता?"

"केबिनमधल्या आजींना उतरवून घ्या म्हणत होतो."

"कोण आजी?"

ड्रायव्हरने ट्रेलरच्या उंच केबिनकडे बोट दाखवलं. खिडकीत आई बसली होती. मांडीवर पिशवी, डोक्याला स्कार्फ, उन्हाने नाक लाल झालेलं.

"मी तासाभरापासून म्हणतोय, आजी उतरा," ड्रायव्हर म्हणाला. "ऐकतच नाहीत. म्हणाल्या, त्याचं गाडीचं होऊ दे."

आईने काच आणखी खाली केली. "झालं का रे गाडीचं?" तिने अगदी साधेपणाने विचारलं. "झालं असेल तर बोलते. माझं तिकीट काही पक्कं झालं नाही. हा म्हणाला, आजी, चला, एक जागा रिकामीच आहे. म्हटलं बरं झालं, गाडीवर लक्षही राहील. ती पांढरी शोधत होतास ना तू? मी रोज सांगत होते, माझ्या डोक्यावरच आहे म्हणून."

साहेबांनी मान वळवून फाटकाकडे पाहिलं. त्यांना फाटकावरच्या गोधडीचा जांभळा काठ आठवला, आणि तो कुठे पाहिला होता तेही आठवलं. लहानपणी ताप आला की ते त्याच काठाचा कोपरा तोंडात धरून झोपत. चार रात्री आई त्या केबिनमध्ये काय पांघरून झोपली असेल, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांना भयंकर लाज वाटली. खिशातला फोन वाजला. 'मोतिया शोध' गटातून पंचवीस जण विचारत होते, आली का? साहेबांनी तो बंद करून टाकला.

केबिनला लोखंडी पायऱ्या होत्या चार, आणि आईचे गुडघे आखडले होते. साहेबांनी खाली उभं राहून दोन्ही हात वर केले. "सावकाश," ते म्हणाले. "घाई नाही."

"ड्रायव्हर फार गुणी आहे बरं का," आई पहिल्या पायरीवरून म्हणाली. "त्याच्या बायकोचं नाक सारखं चोंदतं, मी औषध सांगितलंय." दुसऱ्या पायरीवर तिने थांबून दम घेतला आणि डोंगरातल्या एका वळणाचं वर्णन केलं. ते लांबलचक होतं. साहेबांनी ते पूर्ण ऐकलं. ती तिसऱ्या पायरीवर असताना आत शाखेच्या घड्याळात एकचा टोला पडला.

आता तुम्ही विचाराल, मग त्या राखीव जागेचं काय झालं? स्कूटर लागली का तिथे? मोतिया गाडी पुन्हा उन्हात, कबुतरांखाली? वरिष्ठांकडे अर्ज वगैरे करता येतो का?

बघा. आईचं तिकीट प्रतीक्षा यादीत आहे, हे मघाशी कंसात सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही काहीच विचारलं नाहीत.