स्वरांचा वेळीच बंदोबस्त

इंग्रजी भाषेचा इतिहास दर सोमवारी आणि गुरुवारी, अकरा ते बारा या वेळेत, खोली क्रमांक सातमध्ये घडत असे. एरवी तो विभागप्रमुख बाईंच्या कपाटात, निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत कुलूपबंद असे. ही वही बाईंना त्यांच्या आधीच्या सरांनी निवृत्तीच्या दिवशी दिली होती. त्या सरांना त्यांच्या सरांनी. तासाला जाणाऱ्याने ती सही करून न्यायची, त्यातला मजकूर संथपणे सांगायचा, मुलांनी उतरवून घ्यायचा, आणि बाराच्या ठोक्याला इतिहास कपाटात परत. मूळ सरांना दम लागत असावा, कारण वहीत ठिकठिकाणी कंसात ‘येथे पाणी प्यावे’ असे लिहिलेले होते, आणि पुढचे सगळे शिक्षक तहान असो वा नसो, तिथे पाणी पीत. एका समासात ‘येथे विनोद’ एवढीच नोंद होती. विनोद कोणता, ते कुणालाच ठाऊक नव्हते. पण मुले त्या जागी पिढ्यान्‌पिढ्या हसत आली होती.

गेली अकरा वर्षे ही वही ज्याच्या तोंडून बोलत होती, त्याला सारा विभाग ‘तासिका’ म्हणे. तो तासिका तत्त्वावर नेमलेला होता, म्हणजे साठ मिनिटे शिक्षक आणि उरलेला दिवस कुणीच नाही. कायम झालेले लोक एकमेकांना ‘अहो-जाहो’ करीत आणि त्याला ‘अरे-तुरे’. त्याला स्वतःची खुर्ची नव्हती. जो रजेवर असेल त्याच्या खुर्चीत तो बसे. त्यामुळे सहकाऱ्यांच्या दुखण्यांची त्याला खडान्‌खडा माहिती होती. मुळात तो लाजाळू, मान खाली घालून चालणारा माणूस. शब्दांवर मात्र त्याचा मनापासून जीव. आता त्याला कायम करण्याची फाइल अकरा वर्षांच्या प्रवासानंतर शेवटच्या सहीपाशी पोहोचली होती. आणि नेमके तेव्हाच त्याचे वहीतल्या पानांच्या आकड्यांकडे लक्ष गेले.

वहीतले एक पान ‘दीर्घ स्वर तोंडात हळूहळू वर सरकू लागले, परंतु’ असे संपत होते. पुढचे पान ‘कोशकारांनी वेळीच बंदोबस्त केल्यामुळे भाषेत स्थैर्य आले’ असे सुरू होत होते. अकरा वर्षे त्याने हे वाक्य एका दमात सांगितले होते. त्या गुरुवारी पंख्याच्या वाऱ्याने पान फडफडले, त्याने कोपऱ्यावर बोट ठेवले, आणि बोटाशेजारी आकडा दिसला: त्रेपन्न. आधीचे पान चाळीस होते. मधली बारा पाने, म्हणजे सुमारे दोनशे वर्षे, वहीत नव्हती. ज्या काळात इंग्रजांच्या तोंडात उलथापालथ झाली, नेमका तोच काळ या विभागाने मिटल्या तोंडाने काढला होता.

तो बाईंकडे गेला.

“बाई, वहीतली बारा पानं गहाळ आहेत.”

“कुणाच्या काळात गेली?” बाईंनी चष्म्यावरून विचारले.

“तुमच्या आधीच्या सरांच्या असतील.”

“मग ती गहाळ नाहीत. मला मिळालेली नाहीत. दोन्हींत फरक आहे.”

“पण बाई, स्वर थांबले नव्हते. कोशकार यायच्या आत ते बहुतेक सरकून मोकळे झाले होते. आपण मुलांना उलटंच सांगतोय.”

“या प्रश्नावर आजवर कुणी नापास झालंय?”

“नाही.”

“मग चूक कुठे झाली ते सांग.”

तो मान खाली घालून निघाला. बाहेर शिपाईकाका बाकावर बसून सगळे ऐकत होते. “सर,” ते हळूच म्हणाले, “तुमची फाइल बाईंच्याच टेबलावर आहे. गेलेल्या पानांसाठी आलेलं पान घालवू नका.”

तासिकाने वर्गात पुन्हा तेच सांगितले आणि ठरल्या जागी पाणी प्यायला. पण घर म्हणजे काही खोली क्रमांक सात नव्हे. थोरल्या बहिणीची मुलगी शिकायला त्याच्याकडे राहत होती आणि त्याच्याच वर्गात बसत होती. तिथे ‘सर’, घरात ‘मामा, तू’. रविवारी दुपारी शेंगा सोलता सोलता तिने विचारले, “मामा, खरं सांग, हे लोक लिहितात एक आणि म्हणतात एक, असं का रे?”

असा प्रश्न त्याला अकरा वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. आज ते ज्याला ‘नेम’ म्हणतात, त्याला सहाशे वर्षांपूर्वी जवळजवळ आपल्यासारखेच ‘नाम’ म्हणत, हे त्याने सांगितले. ‘हाउस’ला ‘हूस’ म्हणत. मग आजोबांपेक्षा नातवाचा स्वर केसभर वर गेला, त्याच्या नातवाचा आणखी केसभर. कुणी ठरवले नव्हते, कुणाला ऐकूही आले नाही. दरम्यान छापखाने आले, आणि त्यांनी म्हाताऱ्यांचे उच्चार कागदावर गोठवून ठेवले. बोलणारे मात्र चालत पुढे गेले. “म्हणजे बघ,” तो म्हणाला, “त्यांच्या प्रत्येक शब्दात एक गेलेला माणूस अजून बोलतोय, आणि त्याचं कुणी ऐकत नाही.”

“हे तू वर्गात का नाही सांगत?”

“वहीत नाही,” तो म्हणाला आणि शेंगा सोलू लागला.

परीक्षेत प्रश्न आला: ‘स्वरांच्या स्थैर्याची कारणे सांगा.’ उत्तरपत्रिका तपासायला तासिकाकडेच आल्या. ‘माझा मुलगा, मुलगी वा पत्नी परीक्षेस बसलेली नाही’ या हमीपत्रावर त्याने सही केली. भाचीचा रकाना त्यात नव्हता. नावे झाकलेली असली तरी अक्षर झाकता येत नाही. सगळ्यांनी बंदोबस्त लिहिला होता. काहींनी तर ‘येथे पाणी प्यावे’ हेही लिहिले होते, आणि नमुना उत्तरात तेवढा मजकूर असल्याने त्यांना अर्धा गुण जादा द्यावा लागला. एकाच उत्तरपत्रिकेत ‘नाम’ होते, ‘हूस’ होते, आजोबा आणि नातू होते. शेवटी लिहिले होते, ‘स्वर कधी थांबलेच नाहीत.’

नमुना उत्तराशी न जुळणाऱ्या उत्तराला गुण दिल्यास परीक्षकाची चौकशी होई, आणि चौकशी चालू असलेल्या माणसाला कायम करता येत नसे. तासिकाने लाल पेन बराच वेळ हातात धरले. मग शून्य काढले. ते मात्र त्याने फार सुबक काढले.

भाची एका विषयात नापास झाली. तिने रीतसर फेरतपासणीचा अर्ज केला आणि सोबत ग्रंथालयातल्या चार पुस्तकांचे दाखले जोडले. चार पुस्तके आल्यावर समिती नेमणे भाग होते. ‘सदर स्वरबदल झाला किंवा कसे’ याची शहानिशा करण्यासाठी त्रिसदस्यीय समिती बसली. दोन सदस्य इतर विषयांचे, म्हणजे निःपक्षपाती होते; तिसऱ्या खुद्द बाई. अहवाल लिहिण्याचे काम बाईंनी तासिकाला दिले.

“तुझा अभ्यास आहे,” त्या म्हणाल्या. “अहवाल आला की तुझ्या फाइलवर सही करते. दोन्ही एकदमच वर पाठवू.”

घरी भाची एवढेच म्हणाली, “मामा, तू फक्त जे मला सांगितलंस ते लिही. शेंगा सोलताना सांगितलंस तसंच.”

तो रात्रभर नव्हे, भर दुपारी, शुद्धीवर असताना लिहायला बसला. अहवाल दीड पानी झाला. त्यातले कळीचे वाक्य असे: ‘सदर स्वरबदल अन्यत्र झाला असल्यास विभागाची हरकत नाही, तथापि या विभागाच्या अभिलेखात तशी नोंद आढळून येत नसल्याने परीक्षेच्या प्रयोजनार्थ तो झालेला नाही, असे समजण्यात यावे.’ बाईंनी ते दोनदा वाचले. “भाषा कमावली आहेत हो तुम्ही,” त्या म्हणाल्या. अकरा वर्षांत त्यांनी त्याला पहिल्यांदाच ‘तुम्ही’ म्हटले.

आदेश निघाला. खुर्ची मिळाली, टेबल मिळाले. बाईंच्या आधीच्या सरांचे जुने, शिसवी, भक्कम टेबल. पहिल्या दिवशी पेनाचे टोपण गडगडत टेबलाखाली गेले म्हणून तो वाकला. टेबलाच्या एका आखूड पायाखाली घडी घातलेले जाड कागद होते. पिवळे पडलेले, ओळखीच्या अक्षरातले. वरच्या घडीवर आकडा दिसत होता: एक्केचाळीस.

त्याने ते ओढून काढले आणि जमिनीवर बसूनच वाचले. स्वर सरकत होते. शब्द परमुलखांतून येत होते. शेवटच्या पानावर इंग्रजीतला ‘तू’ हळूहळू नाहीसा कसा होत गेला आणि उरला तो फक्त ‘तुम्ही’, याचे मोठे हळवे वर्णन होते.

दारावर टकटक झाली. भाची फेरपरीक्षेचा फॉर्म घेऊन उभी होती.

“सर, तुमची सही हवी होती.”

“अगं, मामा म्हण की. इथे कोणी नाही.”

“तुम्ही कायम झालात ना,” ती म्हणाली आणि फॉर्म पुढे केला.

तो सही करू लागला. टेबल डगमगले, सही वेडीवाकडी झाली. असली सही कार्यालयात चालत नाही, हे त्याला माहीत होते. त्याने दोनशे वर्षांची पूर्वीसारखीच चौपदरी घडी घातली, पायाखाली सारली आणि फॉर्मच्या दुसऱ्या प्रतीवर नीट सही केली.

हे वाचून कुणाला त्याचा राग आला असेल, तर तो रास्तच आहे. राग लिहून कळवायचा असल्यास आपापल्या टेबलाशी बसावे. टेबल हलत नसेल, तर खाली वाकून पाहू नये.