फुटली कशी?

नगरचे गुलाबशेठ कंदिलाच्या काचांचे घाऊक व्यापारी. पण पैसे पुढे केले की माल मिळाला, असं त्यांच्याकडे नव्हतं. जुनी काच फुटली कशी हे सांगितल्याशिवाय ते नवी देत नसत.

माझं काष्टीला किरकोळ दुकान. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी मागणीची यादी पुढे केली. त्यांनी ती न वाचताच गादीखाली सरकवली.

"यादी राहू द्या. फुटल्या कशा?"

"काच आहे शेठ. फुटते."

"पेटवताना, पुसताना, की पडून?"

मला वाटलं, लढाईमुळे परदेशी काच बंद झाली, त्याचा परिणाम माणसाच्या डोक्यावर झाला असावा. पण दुसरीकडे माल मिळेना. मग मी गिऱ्हाइकांना विचारू लागलो आणि दुकानात नुसती करमणूक सुरू झाली. एकीची मांजरानं पाडली. एकाच्या जावयानं झोपेत लाथेनं उडवली. शेठ मांडीवर थाप मारून ऐकत. "जावई अंगानं कसा आहे?" हेही विचारत.

एका दिवाळीच्या तोंडावर मात्र माझ्यावरच बेतलं. मी तडकलेल्या काचा खपवतो, असा गावभर बोभाटा झाला. सखूबाईंनी तर तुकडे माझ्या गादीवरच ओतले.

"कुनी हातसुदिक लावला न्हाई. वात मोठी केली आन् टचकन् गेली! दुकान हाय का सोंग?"

सणाला गिऱ्हाईक तुटलं की दुकान बंद करायची पाळी. मी तुकडे फडक्यात बांधले आणि आगगाडीनं नगर गाठलं.

शेठांनी एकेक तुकडा उजेडात धरला. "सगळ्या वात मोठी केल्यावरच? आणि गळ्यापाशीच?" शेजारी कोल्हारचा दुकानदार माल घ्यायला बसला होता. शेठ त्याच्याकडे वळले. "तुमच्या कशा फुटल्या हो?"

"मांजरानं पाडल्या," तो म्हणाला.

"अख्ख्या पेटीवर एकच मांजर? लाजू नका, खरं बोला."

त्याच्याही तशाच गेल्या होत्या. वाईट माल विकतो म्हणतील, म्हणून बिचाऱ्यानं मांजराचं नाव पुढे केलं होतं.

शेठांनी त्याच दिवशी त्या खेपेच्या सगळ्या पेट्या परत मागवल्या. कारखान्याला कळवलं, काच घाईनं भट्टीबाहेर काढता, सावकाश निवू द्या. आम्हाला त्यांनी जुन्या साठ्यातल्या काचा बदलून दिल्या. मी गावात घरोघरी जाऊन त्या वाटल्या. दिवाळीत सखूबाई पुन्हा दुकानात आल्या, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

पुढच्या फेरीला मी उत्साहानं सांगितलं, "शेठ, एकही फुटली नाही!"

त्यांचा चेहरा उतरला. "एकही नाही? मग सांगायला काहीच नाही?"

त्यांनी दुकानाला कुलूप घातलं आणि मला माडीवर आपल्या घरी नेलं. दिवेलागण झाली होती. कोनाड्यात कंदील होता. काच लढाईच्या आधीची, परदेशी. तिच्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

"मुली होत्या तोवर महिन्याला एक जायची," वात लावत शेठ म्हणाले. "मी केवढा ओरडायचो! मुली सासरी गेल्या, मग बायको वारली. आता फोडणार कोण?"

त्यांनी दोन पाट मांडले. मी परतीच्या गाडीचा विचार सोडला, आणि ज्या घरांत काच फुटली नव्हती, त्या घरांच्या हकिगती सांगायला बसलो.