पॉपलीनची तबकडी

आमच्या घरातल्या एकाही प्लास्टिकच्या डब्याला झाकण नव्हतं. पोह्यांवर ताटली, रव्यावर उपडी वाटी आणि साखरेवर माझं बी.एड.चं पुस्तक. पाहुणे विचारायचे, "झाकणं कुठे गेली?" की आम्ही सगळे मिळून वर बोट दाखवायचो. पाहुण्यांना वाटायचं, आम्ही देवाला साक्षी ठेवतोय. झाकणं खरोखरच वर असायची, गच्चीवर, गुणाकाकांकडे.

गुणाकाका म्हणजे शेजारच्या खोलीतले गुणाजी परब. गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे साच्यावर, मागावर, कापड विणायचे. संप झाला आणि काकांची नोकरी गेली. हात मात्र कामावरच राहिले. दिवसभर काहीतरी चाचपत असायचे.

मी संपाच्या दुसऱ्या वर्षी लग्न होऊन गिरगावातून लालबागच्या चाळीत आले. शाळेत शिकवायचे म्हणून काकांनी पहिल्याच दिवशी माझं नाव मास्तरीण ठेवलं. तिसऱ्या दिवशी ते दारात उभे.

"गो मास्तरणी, तुझ्या त्या पिवळ्या डब्याचा झाकान जरा बघूया."

मी दिलं. त्यांनी ते अंगठा आणि दोन बोटांत धरून चोळलं, उजेडात धरलं, कानाशी नेऊन टिचकी मारली.

"मांजरपाट," ते म्हणाले.

"काका, प्लास्टिक आहे ते."

"हात लावन बघ, मगे बोल!"

मी हात लावला. काय सांगू, मांजरपाटच होता.

त्यांच्या लेखी जगातलं सगळं प्लास्टिक कापडच होतं. कडक, खरखरीत ते मांजरपाट. आइस्क्रीमच्या डब्याचं पातळ झाकण म्हणजे मलमल, वाऱ्यावर नुसतं फडफडणार. गुळगुळीत असेल ते साटीन, "दिसाक बरा, हातात रवना नाय." मऊ, बोटाला चिकटणारं ते फ्लॅनेल. काकांना हवं होतं पॉपलीन, ना कडक ना मऊ, कडेवर बोट बसेल आणि सुटताना अडणार नाही असं. ते मिळेपर्यंत साऱ्या चाळीचे डबे उघडे पडले होते.

मग उड्डाण. काका गच्चीच्या कठड्याशी बाजूने उभे राहायचे, झाकण छातीशी आणायचे आणि मनगटाला असा हिसका द्यायचे की धोटाच सुटावा. मागावर सूत घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा. झाकणं मात्र पळायची भलतीकडे. एक वरळीच्या कोळीण मावशींच्या पाटीत पडलं. त्या बोंबील विकायला पटांगणात बसल्या होत्या. त्यांनी वर बघून गुणाकाकांच्या सात पिढ्यांची चौकशी केली आणि ते झाकण ठेवूनच घेतलं. पुढे कितीतरी दिवस आमच्या शेवयांच्या डब्याचं झाकण बोंबलांवर दिसायचं. ते मागायची माझी हिंमत नव्हती आणि दिलं असतं तरी घ्यायची इच्छा नव्हती.

काकांची दुसरी गंमत म्हणजे खुणा. साचेखात्यात यंत्रांचा इतका आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. सगळं हातवाऱ्यांवर चाले. ती सवय सुटली नव्हती. एकदा नळाच्या रांगेत काकांनी छातीवर दोनदा हात आपटला, बोट जमिनीकडे दाखवलं आणि हवेत एक गोल काढला. रांगेत नवे भाडेकरू होते. ते घाबरून डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टर दारातूनच म्हणाले, "हार्टचा प्रॉब्लेम दिसतोय." काका संतापले, "हात लावन बघ, मगे बोल!" नंतर कळलं, त्या खुणेचा अर्थ होता, 'माझे साचे सांभाळ, मी आत्ता आलो.' गिरणीत चहाला जाताना जोडीदाराला करायची ती खूण. काका बादली सांभाळायला सांगत होते.

हा जोडीदार म्हणजे सखाराम राणे. पटांगणापलीकडच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, अगदी आमच्या समोर. दोघांचे साचे शेजारी, जेवणाचा डबा एक. सासूबाईंनी मला सांगितलं, संपात सखारामची मुलगी आजारी पडली आणि एका सकाळी तो गुपचूप कामावर गेला. गुणाकाका त्या दिवशी गेटवर पहाऱ्याला होते. संध्याकाळी पटांगणात, दोन्ही चाळींच्या देखत, ते ओरडले, "आजपासून ह्येच्या दाराची पायरी चढूचंय नाय! ह्येच्याशी सबूद बोलूचंय नाय!" सखाराम मान खाली घालून जिना चढला. पुढे ती गिरणीही बंद पडली. अबोला मात्र चालू राहिला.

काही वर्षांनी काकांचा जहाजावरचा भाचा परदेशातून तीन तबकड्या घेऊन आला. खास फेकायच्या. म्हणाला, "मामा, तिकडे ह्या फेकून साखळ्यांच्या टोपलीत टाकतात. गोल्फ म्हणतात."

"साखळ्यो कित्याक? चोरीक जातत?"

पण तबकड्या हातात आल्या आणि काकांची बोटं कामाला लागली. एकेकीला चोळून बघितलं. जाड, बुटकी होती ती फ्लॅनेल. चकचकीत होती ती साटीन. तिसरी निळी, धारेसारख्या पातळ कडेची. काकांनी तिच्या कडेवरून बोट फिरवलं, डोळे मिटले.

"पॉपलीन," ते इतक्या हळू म्हणाले की मला वाटलं, देवाचं नाव घेतलं.

त्या दिवशी चाळीतल्या बायकांनी झाकणं परत मागितली. काकांनी पोतं ओतलं. कुठलं कुणाचं कळेना, म्हणून दोन दिवस घरोघर झाकणांच्या अदलाबदली चालल्या. मला माझं पिवळं मिळालं, पण ते आता कुठल्याच डब्याला बसत नव्हतं.

निळी तबकडी मात्र शेवटी डावीकडे वळायची. दरवेळी. काका म्हणायचे, "लाल बावट्याची आसा." तिला वळण लावायला ते रोज ती गच्चीच्या टाकीवर आपटायचे. नवं कापड दहादा धुतलं की अंगाला बसतं, तसं. महिन्याभराने तिची कड झिजली आणि त्यांना एक शोध लागला.

"मास्तरणी, नवी आसताना ही डावीकडे जाता. जुनी झाली काय उजवीकडे जातली. आमचे पुढारी बघलंस मा?"

"मग सरळ कधी जाणार?"

"मधी थोडे दिवस. ते वळखूक होये."

"सरळ जाऊन करायचंय काय?"

त्यांनी तबकडी डोळ्यांसमोर धरून नेम घेतला. मी त्यांच्या नजरेच्या रेषेत पाहिलं. पटांगणाच्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर, सखारामची गॅलरी. इतकी वर्षं गच्चीवरून उडालेलं एकूण एक झाकण तिथेच जायला निघालं होतं, हे मला, शिकलेल्या बाईला, तेव्हा कळलं. माझी मलाच लाज वाटली.

आणि नेमकी त्याच आठवड्यात बातमी आली. सखारामच्या मुलाने विरारला जागा घेतली होती. रविवारी सामान हलणार होतं.

"काका, जाऊन भेटा ना."

"पायरी चढूचंय नाय म्हटलंय."

"मग इथून हाक मारा."

"सबूद बोलूचंय नाय म्हटलंय." मग निळी तबकडी चोळत म्हणाले, "हिना खय काय म्हटलंहा?"

रविवारी सकाळी टेम्पो लागला. समोरच्या गॅलरीतून गाद्या, कपाट, देव्हारा खाली गेला. शेवटी सखाराम एकटा कठड्याला टेकून उभा राहिला. आमच्या गॅलरीत काका, आज गच्ची सोडून अगदी समोरासमोर. आधी साटीन सुटली, ती थेट कोळीण मावशींच्या पाटीत. मावशींनी या वेळी शिवी दिली नाही, त्याही वर बघत होत्या. मग फ्लॅनेल, ती पटांगणात आपटली. काकांनी निळी उचलली. तळवा धोतराला पुसला. मनगटाचा हिसका.

ती गेली. टेम्पोवरून, दोरीवरच्या कपड्यांवरून, डावीकडे नाही, उजवीकडे नाही. सखारामच्या पायाशी जाऊन थांबली.

तो वाकला. तबकडी उचलली, बराच वेळ बोटांनी चोळत राहिला. मग त्याने ती परत फेकली. हेलकावे खात आली आणि गॅलरीत ठेवलेल्या माझ्या पापडांच्या पिठात पडली.

"पकड चुकली मेल्याची," काका म्हणाले. रडत होते. मीही.

समोर सखारामने छातीवर दोनदा हात आपटला. बोट जमिनीकडे दाखवलं आणि हवेत एक गोल काढला. काकांनी हात उंच करून हलवला, जा, मी आहे. सखाराम जिना उतरून टेम्पोत बसला.

टेम्पो गेला. ऊन चढलं. काका कठड्याशी तसेच उभे. मी म्हटलं, "काका, आत चला. चहा टाकलाय."

"थांब गो मास्तरणी," ते समोरच्या रिकाम्या गॅलरीकडे बघत म्हणाले. "तेचे साचे टाकून खय जाव?"