पोपटरावांचा एकुलता एक डायलॉग

"मॅडम, गर्दीचं टेन्शन तुम्ही घ्यायचंच नाही! चाळीस बायका आणतो. अशा पेटून उठतील, की हिरॉइन खरोखर पळत सुटेल!"

छातीवर हात ठेवून पोपटरावांनी दिग्दर्शिका क्षिप्रा मॅडमना शब्द दिला आणि बदल्यात एक डायलॉग पदरात पाडून घेतला. बावीस वर्षं पोपटराव सिनेमांत नुसती गर्दी होते. बाजारात गर्दी, लग्नात गर्दी, एकदा तर तिरडीवरचं प्रेतसुद्धा! तोंड उघडायची संधी कधी आलीच नव्हती. आता हा दोनशे वर्षांपूर्वीच्या काळातला सिनेमा. गावात गुरं मरतात, गाव एका विधवेला चेटकीण ठरवून खांबाला बांधतं, आणि गावचा पाटील, म्हणजे आपले पोपटराव, बोट रोखून गरजतो, "हीच ती! हिनंच गाव गिळलं!"

कामोठ्याच्या त्यांच्या सोसायटीत अठ्ठावीस घरांना हा डायलॉग ऐकवून झाला. वॉचमनला दोनदा.

बायका जमवणं सोपं होतं. पोपटरावांच्या आई भिमाबाई बुद्धविहारातल्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. मंडळाचा वीस वर्षांचा शिरस्ता असा, की भांडण सासू-सुनेचं असो की नळाच्या पाण्याचं, आधी एकानं बोलायचं, मग दुसऱ्यानं, मग पुरावा. मध्येच ओरडेल तो बाहेर! "जुन्या काळातली गावसभा आहे," एवढंच पोपटरावांनी आईला सांगितलं. चेटकिणीचं सांगायचं राहून गेलं. म्हणजे, राहून गेलं असं ते म्हणतात.

मोरा बंदराच्या जेट्टीपलीकडे गावाचा सेट उभा होता. चाळीस बायका नऊवारी नेसून बसल्या. समोर खांबाला बांधलेली हिरॉइन नंदिनी, केस मोकळे, डोळ्यांत पाणी.

"ॲक्शन!"

पोपटरावांनी मिशी सावरली, बोट रोखलं. "हीच ती! हिनंच..."

"थांब!" भिमाबाई उठल्या. "तू सोताच्या डोळ्यानं पाहिलं का?"

"आई!" पोपटराव दात-ओठ खात कुजबुजले. "मी पाटील आहे!"

"सभेत समदे सारखे. काय पाहिलं ते बोल."

"गुरं मेली ना!"

"गुरं पानी कुठलं पीत होती?"

पोपटरावांनी केविलवाणं होऊन मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी हातानंच 'चालू दे' अशी खूण केली. कॅमेरा चालूच!

"बाईचे हात बांधून जबाब घेत्यात व्हय?" उपाध्यक्षा वेणूबाई कडाडल्या. तिघींनी धावत जाऊन दोर सोडला. चौथीनं पिशवीतून प्लॅस्टिकची बाटली काढून त्या दोनशे वर्षांपूर्वीच्या विधवेला पाणी पाजलं.

"आता तू बोल, लेकी," भिमाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

नंदिनी पाठ केलेलं सगळं विसरली आणि खरीखुरी रडायला लागली. "आजी, सगळे ओरडलेच हो. मला कोणी काही विचारलंच नाही!"

चाळीस पदर डोळ्यांना गेले. पोपटरावांनीही बाहीला डोळे पुसले, पण डायलॉग तो डायलॉग! "हीच ती! हिनंच..."

"पोपट! बाहेर!"

हा हुकूम पोपटराव लहानपणापासून पाळत आले होते. पाय आपोआप वळले. कॅमेऱ्यासमोरून गेले, सेटबाहेर गेले, आणि चहाच्या टेबलापाशी पोचल्यावर त्यांना आठवलं, की आपण पाटील आहोत.

"कट!" मॅडम नाक पुसत म्हणाल्या. "ओके! बाटली तेवढी कॉम्प्युटरवर पुसून टाकू."

"मॅडम, माझा डायलॉग?"

"पोपटराव, आता गाव तिला सोडून देतं हो. शेवटच बदललाय!"

सिनेमा लागला. सगळी सोसायटी पनवेलला थिएटरात. पडद्यावर भिमाबाई उभ्या राहिल्या आणि टाळ्यांनी थिएटर दणाणलं. पोपटरावांचं मात्र फक्त बोट दिसलं. तेही जरा धूसर.

"तू माझा डायलॉग खाल्लास!" घरी येऊन ते आईवर उखडले.

"आरोप करायचा तर मंडळात कर. रविवारी, चार वाजता."

पोपटराव गेले! आरोप अध्यक्षांवरच, म्हणून खुर्चीवर वेणूबाई बसल्या. बावीस वर्षांची हौस एकवटून पोपटरावांनी बोट रोखलं, आणि या वेळी त्यांना कोणीही अडवलं नाही. "हीच ती! हिनंच माझा डायलॉग गिळला!"

"पुरावा?" चाळीसजणी म्हणाल्या.

"पडद्यावरचं ते बोट! ते माझं होतं!"

वेणूबाईंनी चष्मा चढवून पोपटरावांचं रोखलेलं बोट हातात धरलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि सोडून दिलं.

"असलं बोट कोनाचं बी असतंय. बसा खाली."