आबांचा बंदोबस्त

"ह्या घरात आबांस्नी पावलोपावली खतरा हाय!" कमरेवर हात ठेवून हवालदार मानसिंग म्हणाला.

त्याची बायको विजयमाला भाकरी थापत होती. तिनं मान वर न करताच विचारलं, "कुणापासनं?"

लढाई संपली होती. मानसिंग पलटणीतून सुटून इस्लामपुराजवळच्या आपल्या कृष्णाकाठच्या गावी परतला होता, त्याला दोनच दिवस झाले होते. तो परमुलखात होता त्या वर्षांत त्याचे वडील सयाजीआबा हळूहळू सगळं विसरत गेले. आधी माणसांची नावं गेली, मग वार आणि सण. शेवटी मनुबाई, म्हणजे आपली बायको, वारली हेही ते विसरले आणि तिच्यासाठी ताटात अर्धी भाकरी बाजूला ठेवू लागले. गाव म्हणायचं, आबांना चळ लागला. विजयमाला काहीच म्हणायची नाही. सासूच्या वाटची ती भाकरी ती उचलून ठेवायची आणि "आत्या जेवल्या," असं सांगायची. मग आबा निवांत पान खायचे.

मानसिंग खाकी कपड्यांत, छातीला बिल्ले लावून आबांच्या पाया पडला, तेव्हा आबांनी उलट त्यालाच हात जोडले होते. "या पावणं. कुण्या गावचं म्हनायचं?"

ते त्याला फार लागलं होतं. त्यात आज सकाळी त्यानं आबांना आडावर वाकून पाणी शेंदताना पाहिलं आणि तो तडक चुलीपाशी आला होता.

"आवं, रोज शेंदत्यात त्ये," विजयमाला म्हणाली. "बाजंवरनं उठायचं, भिंतीला हात लावत गोठ्यात जायचं, बैलाला थोपटायचं, मग आडावर. एक घागर तुळशीला घालत्यात न् येऊन बसत्यात. त्या वाटंवर मामंजींचं पाऊल आपसूक पडतंय. मी हितनं बघती की."

"बघून काय हुतंय? पलटनीत आमी तळ टाकायच्या आदी जमीन तपासायचो. कुटं सुरुंग हाय, कुटं खड्डा हाय!"

त्यानं वाटीभर काव कालवली आणि घर तपासायला सुरुवात केली. जिथं धोका, तिथं तांबडी फुली. आड, उंबरा, विळी, बैल, मुसळ. फुली चुलीवर आली तेव्हा विजयमाला म्हणाली, "आता माझ्या कपाळावर बी एक काडा."

दुपारपर्यंत बंदोबस्त पुरा झाला. रस्ता जवळ म्हणून आबांची बाज पुढच्या सोप्यातून उचलून माजघरात गेली. मागच्या दारात गुडघाभर उंचीवर आडवा बांबू ठोकला, म्हणजे आबा आडाकडे जायचे नाहीत. पुढच्या दाराला बैलाची घुंगुरमाळ बांधली, म्हणजे ते बाहेर पडले की कळेल. काडीपेटी त्यानं स्वतःच्या खिशात ठेवली आणि समाधानानं मळ्याकडे गेला.

चूल विझली तशी विजयमाला शेणी घेऊन शेजारच्या कस्तुरीकडे विस्तव मागायला गेली. धन्यकुमारअण्णांची ही बायको मोठी चौकस.

"घरात काडीपेटी न्हाई व्हय गं?"

"हाय की. मालकांच्या खिशात. मळ्यात गेलीया."

घुंगुरमाळेनं तर वैताग आणला. कोंबडी आली, माळ वाजली. वारा आला, वाजली. गाडी जुंपायची वेळ झाली असं समजून बैल प्रत्येक वेळी उठून दाव्याला हिसडे देऊ लागला. विजयमाला पहिल्यांदा पळत आली, मग चालत आली, मग नुसती मान वळवू लागली, आणि उन्हं कलल्यावर तीही वळवायची सोडली.

तेवढ्यात आबा जागे झाले. हाताला नेहमीची भिंत लागली नाही. उजेड भलतीकडून येत होता. "कुनाचं घर म्हनायचं हे?" ते पुटपुटले. "आपल्या घराला जावं बाबा." ते दाराबाहेर पडले. माळ खणखणली. बैल उठला. दुसरं कुणी उठलं नाही.

मानसिंग मळ्यातून आला तेव्हा बाज रिकामी होती. मग काय! तो नदीकडे धावला, विजयमाला वेशीकडे. घाटावर कुणी नव्हतं. मानसिंगानं संथ पाण्यावर काठाकाठानं नजर फिरवली. लहानपणी शाळा बुडवून तो असाच एकदा उसात लपला होता. आबा हाका मारत बांधाबांधानं हिंडले होते. सापडल्यावर मारलं नाही. मुंडाशाच्या शेवानं त्याचं तोंड पुसलं, गुळाचा खडा हातावर ठेवला आणि खांद्यावर घेऊन घरी आणलं. "आबा! आबा!" मानसिंग ओरडत काठानं पळत सुटला.

आबा शेजारीच होते. धन्यकुमारअण्णांच्या सोप्यात डाव्या हाताला बाज होती, भिंत होती. घर सापडल्याच्या आनंदात आबा तिथं ऐसपैस बसले होते. अण्णा दिवेलागणीआधी जेवायला म्हणून बाहेर आले, तर आबांनीच त्यांचं स्वागत केलं.

"या, या! लाजू नगा. आपलंच घर समजा."

"व्हय आबा," अण्णा गोंधळून म्हणाले आणि स्वतःच्याच सोप्यात पाहुण्यासारखे अंग चोरून बसले. कस्तुरीनं पानं वाढली. भुललेल्या आबांना दुखवायला दोघांचं मन धजेना. अण्णांनी घास उचलला तोच आबा म्हणाले, "वाईच दम धरा पावणं. आमचा मान्या शाळंतनं येऊ द्या. त्यो आल्याबिगर ह्या घरात कोन जेवत न्हाई."

अण्णा पडले जैन, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा वर्ज्य. ते एकदा ताटाकडे आणि एकदा आभाळाकडे बघू लागले.

कस्तुरीनं निरोप धाडला, तसा मानसिंग धापा टाकत आला. अण्णांना हायसं वाटलं. "आबा, आला बगा तुमचा मान्या!"

आबांनी खाकी कपड्यांतल्या त्या दांडग्या माणसाला निरखलं. "ह्यो? ह्यो शिपाई हाय. आमचा मान्या एवढुसा."

"आबा, मीच त्यो!"

"असंल बाबा. पर सरकारी मानसानं खोटं बोलू नये."

मागून विजयमाला आली. तिनं सगळं पाहिलं आणि सहज म्हणाली, "मामंजी, मान्या घरला आलाय. भूक भूक करतोय."

आबा ताडकन उठले. "मग आदी न्हाई सांगायचं?"

पण दिवस मावळला होता. अण्णांनी भरल्या ताटाला नमस्कार केला आणि उपाशी झोपायला गेले.

घरात अंधार होता. कंदील लावायला मानसिंग परसातून जवळ पडतं म्हणून मागच्या दारानं घाईनं घुसला आणि आपणच ठोकलेल्या बांबूला अडखळून शेणकाल्याच्या पाटीत जाऊन आदळला. "आयाई गं! मेलो!"

त्या हाकेसरशी आबा झरझर पुढं झाले. बांबूवरून त्यांनी पाय सहज टाकला. "आरं माझ्या मान्या! पडलास व्हय लेकरा?"

मानसिंग तसाच शेणात बसून राहिला. पाच वर्षांत त्याला कुणी मान्या अशी हाक मारली नव्हती.

खाकी उतरली. जुनं धोतर नेसून मानसिंग बाजेवर पडला. आबांनी त्याच्या मुरगळलेल्या डाव्या पायाला ऊन ऊन हळद लावली आणि सुनेला बजावलं, "ह्याला बाहीर सोडू नगंस. लय येंधळं पोरगं हाय. उंबऱ्यावर, आडावर, समद्यावर नजर ठेव."

"ठेवती मामंजी," विजयमाला म्हणाली. "आता दोगांवर ठेवती."

बाज सोप्यात परत आली. बांबू चुलीत गेला. पायाची सूज दोन-चार दिवसांत उतरली, पण आबांसमोर आला की मानसिंग लंगडायचाच. लंगडला की आबा त्याला मान्या म्हणायचे, जवळ बसवून घ्यायचे, पाठीवरून हात फिरवायचे. विजयमालेला सगळं दिसत होतं.

एका संध्याकाळी मानसिंग असाच पाय ओढत सोप्यात आला. आबांनी त्याचा ओढलेला पाय निरखला.

"मान्या."

"जी आबा?"

"काल डावा दुखत हुता न्हवं रं?"

मानसिंगानं मुकाट्यानं पाय बदलला.