व्याह्यांची अर्धी दाढी

"माझा हात थरथरला, तर समजा मांजरानं उंदराची माफी मागितली!"

असं रेशीमकाका दिवसातून एकदा तरी म्हणत. आणि म्हणावं असाच त्यांचा हात होता! गालावरून वस्तरा फिरला की झुळूक गेल्यासारखं वाटायचं, म्हणून सगळी गल्ली त्यांना रेशीमकाका म्हणे. खरं नाव काकूंनाही आठवावं लागे. तेव्हा घरोघरी दाढीची यंत्रं नव्हती. माणसं त्या फिरत्या खुर्चीत बसत, मान मागं टाकत आणि वस्तऱ्याखाली खुशाल घोरत. आता माणसं कुणाच्या हाती अशी मान देतात, कुणास ठाऊक!

तर अशा या काकांच्या छातीत एक दिवस धडधडायला लागलं.

कारण घरातच होतं. लेकीनं स्वतःच मुलगा पसंत केला होता, पोस्टमास्तरांचा. मुलाची आई राजी होती, मुलगा तर पहिल्यापासूनच राजी होता. घोडं अडलं होतं ते पोस्टमास्तरांपाशी. रविवारी घरी येऊन काय ते सांगतो, असा त्यांचा निरोप होता. लेक शांतपणे म्हणाली होती, "बाबा, ते नाही म्हणाले तर मी पळून जायची नाही. पण दुसऱ्या कुणाशी लग्नही करायची नाही."

झालं! काकांचे तळहात ओले. पोटात गोळा. घशाला कोरड. काकांनी आधी साबणाला दोष दिला, मग उशीला, मग काकूंच्या स्वयंपाकाला.

"जन्मभर तोच स्वयंपाक खाताय," काकू कडाडल्या, "तो नेमका आत्ताच बरा छातीत गेला!"

शेवटी त्यांनीच काकांना दंडाला धरून दुकानासमोरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, छाती तपासली, दोनदा तपासली.

"काका, हृदय ठणठणीत आहे. ही चिंता आहे."

"छे! मी कसली चिंता करतोय? पोस्टमास्तर नाही म्हणाले तर काय होईल, एवढाच विचार मी सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत करतो. बाकी काही नाही!"

"त्यालाच चिंता म्हणतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भीती आली की ओळखायची. श्वास सावकाश सोडायचा. पळायचं नाही, हातातलं काम टाकायचं नाही. आणि मुख्य म्हणजे लपवायचं नाही! जवळ जो असेल त्याला सरळ सांगून टाकायचं. सांगितली की निम्मी होते."

काका खूश! गोळी नाही, पथ्य नाही! फक्त एक गोष्ट त्या हुशार बाईंच्या लक्षात आली नाही. रेशीमकाकांच्या जवळ जो असे, तो बहुधा वस्तऱ्याखाली असे.

रविवार उजाडला. दुकानात फक्त शाळेतले गुरुजी होते, तेही पेपर फुकट वाचायला आलेले. तेवढ्यात दार उघडलं आणि दारात साक्षात पोस्टमास्तर!

"तुमच्याकडेच निघालोय, पण दाढी राहिली. म्हटलं, एवढी कीर्ती ऐकलीय, तर तुमच्याच हातची होऊ दे."

काकांनी खुर्ची पुसली, पांढरी चादर गळ्याभोवती बांधली, फेस केला. उजवा गाल अगदी रेशमासारखा झाला! पोस्टमास्तरांनी सुखानं डोळे मिटले. मग वस्तरा कंठावर आला. तिथून निघणारा शब्द आज लेकीचं भवितव्य ठरवणार, हे काकांच्या मनात आलं मात्र, छातीत ढोल सुरू झाला.

"आली! ओळखली!" काका आनंदानं ओरडले.

"कोण आली?" पोस्टमास्तरांनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"भीती! तुम्हाला म्हणून सांगतो. मला आत्ता भयंकर भीती वाटतेय. हा हात माझा राहिलेला नाही."

पोस्टमास्तरांचे डोळे नुसते उघडले नाहीत, पार कपाळापर्यंत गेले. मान हलवायची सोय नव्हती. ओठांच्या फटीतून ते म्हणाले, "वस्तरा... बाजूला... ठेवा."

"नाही हो! हातातलं काम सोडायचं नाही, अशी सक्त ताकीद आहे."

"कुणाची?"

"डॉक्टरांची."

"म्हणजे... उपचार चालू आहेत?"

"चालू आहेत ना! आणि काय सांगू, बोललो तशी निम्मी झालीसुद्धा!"

"निम्मी इकडे आली," पेपरामागून गुरुजी म्हणाले. "माझे पाय कापायला लागलेत."

आता राहिला होता श्वास. काकांनी तो सावकाश सोडला, पण इतका मनापासून, की अर्धा फेस उडून पोस्टमास्तरांच्या डोळ्यांत गेला. तो पुसायला काकांनी वस्तरा जरा मागे घेतला मात्र, पोस्टमास्तर खुर्चीतून असे उसळले, जणू गादीत स्प्रिंगांऐवजी विंचू होते! चादर फडफडवत ते रस्त्यावर. आणि मागून काका, हातात वस्तरा तसाच!

"पळू नका! पळालं की ती वाढते! अहो, डावी बाजू राहिलीय!"

फळवाल्यानं तराजूचं पारडं ढालीसारखं धरलं. धडाधड खिडक्या लागल्या. फुलवाली म्हणाली, "दाढी आवडली नाही तर तसं सांगावं बाई, एवढं काय धावायचं!"

पोस्टमास्तर जे पहिलं उघडं दार दिसलं त्यात शिरले. तो दवाखाना निघाला.

"काका, आधी तो वस्तरा मिटा!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. मग त्यांनी पोस्टमास्तरांना बाकावर बसवलं, नीट तपासलं. "हृदय छान आहे. धावलात म्हणून धडधडतंय."

"हे आजचं नाही हो," पोस्टमास्तर रडकुंडीला आले. "मुलाच्या लग्नाचं बोलणं निघालं की असंच होतं. पोटात गोळा, हाताला घाम. मला वाटलं, हा अपशकुनच! म्हणून तर मी आज नाही म्हणायला आलो होतो."

काका मटकन खाली बसले. पण क्षणभरच!

"गोळा? बेंबीच्या वर की खाली?"

"वर."

"वरच! आणि घशाला कोरड?"

"वाळवंट!"

"अहो, मग हा अपशकुन नाही, ही चिंता! माझ्याकडेही हीच आहे!"

दोन विहिणींनी दागिने दाखवावेत, तसे दोघे एकमेकांना लक्षणं दाखवायला लागले. तोवर आरडाओरडा ऐकून काकू आणि लेक धापा टाकत आल्या.

"चला, आता डावी बाजू उरकू," म्हणत काकांनी वस्तरा उघडला. पोस्टमास्तर एका उडीत तपासणीच्या टेबलावर!

लेक पुढे झाली. तिनं बाबांच्या हातातून वस्तरा घेतला, मिटला आणि टेबलावर ठेवला.

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली.

"अरे देवा, सगळं घराणंच!" पोस्टमास्तरांनी डोक्यावरून चादर ओढली.

"तुमच्या नकाराची वाटतेय. सांगून टाकलं, आता हात मोकळा झाला." मग ती वळून म्हणाली, "बाबा, हे वस्तरा उचलण्याआधी सांगायचं असतं!"

तिनं समोरच्या दुकानातून साबण-ब्रश आणि पाणी मागवलं, पोस्टमास्तरांची चादर हळूच खाली केली, फेस केला. लहानपणापासून दुकानात वाढलेली पोर ती! डावा गाल होता होता पोस्टमास्तर चक्क घोरायला लागले. उठल्यावर त्यांनी आधी डावा गाल चाचपला, मग उजवा, मग पुन्हा डावा.

"ठरलं," ते म्हणाले. "पोटात गोळा आहे. असू दे. पोरगी आमची!"

लग्न थाटात झालं. काकांची भीती अधूनमधून येई, काका तिला ओळखत, आणि गिऱ्हाइकाला सांगण्याआधी वस्तरा न चुकता मिटत. हात पुन्हा पहिल्यासारखा रेशमी झाला.

पण एक दिवस गुरुजी आले, ते वाढलेली दाढी खाजवत. काकांनी खुर्ची झटकली.

"या, बसा!"

"नको, घाई नाही," गुरुजी बाकावरच टेकले. बाकावर आणखी तिघं बसले होते, तिघांचीही दाढी वाढलेली. "लेक माहेरी कधी येतेय?"